ट्यूबपेक्षा ठिगळं जास्त

दोघं होते. पांढरे शर्ट, काळ्या टाया,
छातीवर काळी पट्टी, नावाच्या आधी एल्डर.
कोप्पुला राजमुंद्रीचा, त्यानं सांगतलं,
एल्डर म्हनजे वडील.
मी म्हटलं, एकोनीस वर्साचा वडील?
मिशी तं येऊ दे बापा.

दुसरा गोरा. सोरेनसन.
आमच्या देवळी नाक्यावर नाव वापरून वापरून झिजते,
पोळ्यापर्यंत त्याचा सुरेश झाला.

रोज सायकल. भिडी, विजयगोपाल, अल्याड पल्याडच्या वस्त्या.
धुऱ्यावरून शॉर्टकट मारे
अन बाभळीचा काटा घेऊन ये.
पहिल्या महिन्यात अकरा पंक्चर.
बादलीत ट्यूब बुडवली का उकिडवा बसून बुडबुडे पाहे,
जसं कोनी आतून बोलून रायलं.

"काहून" हा त्याचा पहिला शब्द.
काटा काहून? एवढं ऊन काहून?
बैलाची शिंगं लाल काहून?
मी एकटा मानूस, किती काहूनले पुरू.

चहा नाइ घे.
आमच्याकडं हे भांडनाचं काम हाये.
पंचफुला तीन दिवस फुगून होती,
चौथ्या दिवशी तिनं गरम पान्यात साखर टाकली,
कपबशीत दिली.
तो फुंकर मारून मारून प्याला,
बाकीच्यासारखा.
कप हातात असला म्हनजे मानूस बाकावर नीट बसते.

मे महिन्यात डांबर चपलेले चिकटे,
टायची गाठ मात्र गळ्याशीच.
म्हटलं, ढिली कर न बे, कोन पाह्यते?
म्हने, आई. सोमवारी. फोनवर.
सोमवारीच कपडे धूवे, बाजारात वांगे घे,
शाळेच्या मैदानात पोट्ट्यायसंगं क्रिकेट,
बॅट अशी धरे जशी कुऱ्हाड.

एकदा म्हने, तुमाले एक गोष्ट सांगू? देवाची?
मी भिंतीवरचा फोटो दाखवला.
माहा आजा. छप्पन साली पांढरं धोतर, पांढरा सदरा,
तीन दिवस पायदळ नागपूर.
परत आला अन देव्हारा उचलून बाहेर ठेवला.
आमच्या घरचं हे काम झालं बाबू, पुन्हा नाइ.

त्यानं फोटो पाह्यला. मंग सोताचा शर्ट.
लय येळ काहीच बोलला नाइ.
मंग म्हने, माह्या आजाचा आजाही चालला होता,
हजार मैल, हातगाडी ओढत, बर्फात.
लेकरं मेले वाटेत.
मी इचारलं, चाकं कशाची?
म्हने, लाकडाची.
म्हटलं, म्हनजे पंक्चर नाइ.
तो हसला, कोप्पुला हसला,
पंचफुला आतून म्हने, काय झालं?

दिवाळीनंतर एका सोमवारी आला,
दोन्ही चाकात हवा टंच.
बाकावर बसला. कोप्पुला दूर लिंबाखाली उभा.
आजोबा गेले म्हने.
जाशीन?
नाइ जाता येत. दोन वर्स म्हनजे दोन वर्स.
काहून, असं माह्या तोंडात आलतं,
गिळलं.

मागचं चाक काढून त्याच्या हातात देल्लं,
अन ताराची चावी.
म्हटलं, आऊट हाये, काढ.
दुपारभर तो एकेक तार पिळत होता,
चाक फिरवे, डोळा बारीक करून पाहे,
इकडून डुलते, तिकडून डुलते.
टाय तेवढी मडगार्डले घासून काळी झाली.
गिऱ्हाईक आले, गेले.
सांजच्याले चाक सरळ झालं, म्हनजे बऱ्यापैकी.
मी पैसे घेतले नाइ, त्यानं देले नाइ.

उन्हाळ्याच्या आधी गेला.
आता त्याच सायकलवर नवा पोट्टा हाये,
शर्टाची घडी अजून मोडली नाइ.
नाव सांगतलं त्यानं, मी ऐकलं नाइ नीट,
पाहू, झिजून काय निंगते ते.
ट्यूब काढली तं ट्यूबपेक्षा ठिगळं जास्त,
सगळे माह्याच हातचे,
एक सोडून. ते वाकडं हाये,
कडेनं थोडी हवा सोडते.
बदलाव म्हटलं,
मंग तसंच राहू देल्लं.

पंचफुलानं आत पानी ठेवलं गरम कराले.